मेणाचे दात

माझे आजोबा लोकांच्या तोंडाकडे बघायचे. डोळ्यांकडे नाही, कपड्यांकडे नाही, थेट तोंडाकडे. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसानं जांभई दिली की आजोबा मान वाकडी करून आत डोकवायचे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बाबा, लोक काय म्हणतील?" ती दबक्या आवाजात म्हणायची. "काय म्हणणार? खालची कवळी बसत नाहीये बिचाऱ्याची, त्याला कुठलं बोलता येतंय," असं आजोबाही दबक्या आवाजात सांगायचे. त्यांचा दबका आवाज म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढा.

ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि आजोबा आमच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून दात बनवायचे. दुसऱ्यांच्या घरात पुढच्या खोलीत सोफा असतो, आमच्याकडे लांबलचक टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण कोरायच्या सुऱ्या. खिडकीखाली पॉलिशचं चाक. आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, ओळीनं, सगळे आ वासून. माझ्या मैत्रिणी एकदा खेळायला आल्या त्या परत म्हणून आल्या नाहीत. मी मात्र त्या जबड्यांतच वाढले. बाकीच्या मुली बाहुल्यांना भरवतात, मी जबड्यांना खडूचे तुकडे भरवायचे आणि मग प्लास्टरमध्ये निळा खडू कसा आला म्हणून आजोबा घर डोक्यावर घ्यायचे.

या धंद्यात ते आले ते स्वतःच्या तोंडापायी. ऐन तरुणपणी हिरड्यांचं काहीतरी दुखणं झालं आणि एकेक करत सगळे दात काढावे लागले. कोणीतरी स्वस्तात कवळी करून दिली. ती घालून हसले की समोरचा दचकायचा. "घोडा बरा दिसत असेल," असं ते स्वतःच सांगायचे. शेवटी ज्यानं ती कवळी केली होती त्याच्याच दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पैसे परत नकोत. कसं करतात ते शिकवा, माझे मी करतो." तो माणूस आधी भडकला, मग हसला, मग त्यानं शिकवलं. आजोबांनी स्वतःचे दात स्वतः केले. वरचा डावीकडचा एक दात त्यांनी मुद्दाम शेजारच्यावर थोडा चढवला, कारण त्यांचा मूळचा तसा होता. ते दात घालून आरशात बघितलं तेव्हा म्हणे त्यांना रडू फुटलं होतं. हे त्यांनी आईला सांगितलं होतं, मला कधी नाही.

मात्र कवळीशिवाय त्यांना कोणी बघितलेलं नव्हतं. माणूस तसा साधा, बनियनवर दार उघडणारा, पण या बाबतीत कमालीचा मानी. रात्री खोलीला आतून कडी. सकाळी कडी निघायची तेव्हा तोंडात दात जागेवर. दात धुताना बेसिनचा नळ मोठा आणि दार बंद. लहान असताना मी त्यांना पकडायचे किती प्रयत्न केले! पलंगाखाली लपले, खिडकीच्या गजांना लोंबकळले. एकदा बेसिनखालच्या बादलीआड दबा धरून बसले, तर ते तोंडावर टॉवेल धरूनच आत आले आणि टॉवेलमधूनच म्हणाले, "खारूताई, बाहेर ये, पाठ धरेल." माझे पुढचे दोन दात फावड्यासारखे होते म्हणून मी खारूताई. शाळेत कोणी त्यावरून चिडवलं तर मी त्याला बडवायचे. आजोबांनी म्हटलं की तेच नाव मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं.

माझे वडील मी पहिलीत असताना गेले. आई मला घेऊन आजोबांकडे आली ती कायमचीच. तेव्हाची आई मला नीट आठवत नाही, पण ती बोलायची नाही एवढं आठवतं. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. नातेवाईक येऊन समजूत घालून जायचे. आजोबांनी समजूत घातली नाही. त्यांनी तिच्या हातात मेणाची सुरी दिली. "हे गरम करून दे मला. माझा हात मोकळा नाही." हात चांगला मोकळा होता. मग रोज काहीतरी. प्लास्टर कालव, साचा घास, रंग जुळवून बघ. हळूहळू ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागली आणि एक दिवस त्यांच्याशी भांडली. कोणत्या तरी बाईंचे दात तिला जास्तच पांढरे वाटले होते. आजोबा आत येऊन मला म्हणाले, "तुझी आई भांडली ग माझ्याशी." एवढं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं. पुढं त्या टेबलावर दोघं बरोबरीनं काम करायची आणि बरोबरीनं वाद घालायची.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पक्के दात करायच्या आधी ते मेणात बसवून तोंडात घालून बघतात. त्याला ट्रायल म्हणतात, सगळेच करतात. पण आजोबांची ट्रायल वेगळी. पेशंटबरोबर घरचं कोणीतरी आलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट असे. त्या घरच्या माणसाला बाहेर व्हरांड्यात बसवायचं, दार अर्धवट लोटायचं. आत पेशंटकडून आधी साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणून घ्यायचे, म्हणजे दातांतून हवा कशी जाते ते कळतं. मग म्हणायचं, "आता घरच्यांना हाक मारा. रोज मारता तशी." आणि बाहेरच्या माणसानं विचार न करता 'ओ' दिली तर दात पास. त्यानं जरा जरी थांबून कान टवकारले, तर आजोबा मेण परत गरम करायला घ्यायचे.

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची ट्रायल मला अजून आठवते. बाहेर त्यांचे यजमान पेपर वाचत बसलेले. बाईंनी हाक मारली, यजमान ढिम्म. आजोबांनी दात काढले, पुढचे दोन किंचित मागं घेतले, परत घातले. हाक. ढिम्म. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी बाईंचा संयम सुटला आणि त्यांनी अशी काही हाक मारली की यजमान पेपर टाकून ताडकन उभे राहिले, "ओ! आलो, आलो!" ते तसेच आत शिरायला लागले, तर आजोबांनी दारातच अडवलं. "बसा. ओ द्यायची, आत यायचं नाही."

हा दुसरा नियम. मेणाचे दात म्हणजे दात नव्हेत. ते तोंडाच्या उबेनं मऊ पडतात, दोन-चार मिनिटांत काढावे लागतात. तेवढ्यात पेशंटनं कोणाला भेटायचं नाही, हसून दाखवायचं नाही, आरसा मागायचा नाही. "कच्च्या दातांनी कोणाला तोंड दाखवू नये," असं आजोबा म्हणायचे. दार पक्के दात आल्यावरच उघडायचं. मी आणि आई या नियमात इतक्या मुरलो होतो की घरात कुठल्याही खोलीतून हाक आली की आधी नुसती 'ओ' द्यायची आणि हातातलं काम चालू ठेवायचं, ही आम्हा दोघींची सवय झाली. सासरी गेल्यावर माझ्या नवऱ्याला याचा फार राग यायचा. "ओ देतेस आणि येत नाहीस, काय अर्थ आहे?"

या वर्षी आजोबांचं हृदय थकलं. पायावर सूज आली, दोन पावलं चालले की धाप. आईनं त्यांना हॉस्पिटलात ठेवलं आणि मला फोन केला. मी दुसऱ्या गावाहून निघून येईपर्यंत एक घोटाळा होऊन बसला होता. ऑक्सिजनचा मास्क लावताना नर्सनं त्यांना दात काढायला लावले. त्यांनी ते कागदी रुमालात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवले. नाश्त्याचा ट्रे न्यायला आलेल्या माणसाला वाटलं, खरकटा कागद. तो कागद ट्रेबरोबर गेला. वॉर्डातल्या मावशींनी कचऱ्याचे डबे उपसले, पण सापडले नाहीत. ज्या माणसानं अर्ध्या गावाला दात दिले त्याचे दात उष्ट्याबरोबर गेले! मला हे ऐकून इतका संताप आला की मी त्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून कोणाकोणाला बोलले ते आता आठवायला नको.

मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला फक्त त्यांची मान दिसली, बारीक झालेली, आणि मागं हलणारा हात. नको, नको.

"आजोबा, मला काही फरक पडत नाही हो."

हात हललाच. आईनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. हे तिनं मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "तू बाहेर बस. मी दात करते, मग भेट."

"आई, वेडी आहेस का तू? दात गेले खड्ड्यात! मला त्यांना बघायचंय."

"दात खड्ड्यात गेले, हे तू त्यांच्यासमोर म्हणशील?"

मला त्यांचं तोंड बघायचं होतं, त्यांनी माझ्याकडे बघून एकदा हसायला हवं होतं, बाकी काही नको होतं. पण त्यांना तसं कोणी बघावं असं वाटत नव्हतं, आणि जन्मभर जपलेली गोष्ट शेवटच्या दिवसांत हिसकावून घ्यायची तरी कशी? मग मी बाहेरच्या बाकावर बसले. आजोबा आणि मी, मध्ये एक अर्धवट लोटलेलं दार. मी बाहेरून गावच्या गप्पा सांगायचे, नवऱ्याच्या तक्रारी करायचे. आतून कधी खोकला यायचा, कधी बोटांनी पलंगाच्या लोखंडावर टकटक. ते ऐकतायत एवढं कळायचं. माझा जीव त्या टकटकीला टांगलेला.

आईनं पलंगाशी बसून माप घेतलं. आधी डॉक्टर नको म्हणाले, मग तिचा चेहरा बघून त्यांनी दुसऱ्या पेशंटची फाइल उघडली. घरी येऊन आम्ही दोघींनी प्लास्टर ओतलं. आईनं मेणात दात बसवले, डावीकडचा एक शेजारच्यावर चढवून. मी म्हटलं, "आई, ट्रायल सोड ना या वेळी. थेट पक्के करून टाक. वेळ कुठं आहे?"

तिनं वर बघितलं. "बाबांचे दात, ट्रायलशिवाय?"

खरं तर माझंही तेच मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेणाचे दात गार पाण्याच्या डब्यात घेऊन आत गेली. मदतीला वॉर्डातल्या एक मावशी होत्या, आजोबांना पाठीशी धरायला. मी बाकावर. दार अर्धवट लोटलेलं. सगळं आमच्या घरच्यासारखं, फक्त फिनेलचा वास जास्तीचा. आतून आईचा आवाज आला, "म्हणा बाबा. साठ."

"साठ," आजोबा म्हणाले.

किती दिवसांनी ऐकला तो आवाज! बारीक झाला होता, मध्ये श्वास तुटत होता, पण त्यांचाच. एकसष्ट, बासष्ट. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. सगळे आकडे त्यांना झेपले नाहीत. आई म्हणाली, "पुरे, पुरे. आता घरच्यांना हाक मारा."

"खारूताई!"

"ओ!" मी इतक्या पटकन ओरडले की समोरून जाणारा वॉर्डबॉय दचकला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"खारूताई!" जरा मोठ्यानं.

"ओ, आजोबा!"

पुन्हा एकदा हाक आली, लांबवलेली, शेवटी दम संपलेली. मी पुन्हा 'ओ' दिली. आतून आई म्हणाली, "पास, बाबा! फर्स्ट क्लास!" मग काही बोलणं ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली, हातात डबा, डोळे चमकत होते. "मेण सुटायला लागलं होतं, पटकन काढले. पण काय सुंदर आवाज आला, ऐकलास ना? मी घरी जाते, दुपारपर्यंत पक्के करून आणते. मग तू आत जा आणि बस हवं तेवढं." ती अक्षरशः पळत जिना उतरली. मी बाकावर बसून आत गेल्यावर काय बोलायचं ते ठरवत राहिले.

दुपारी मावशी बाहेर आल्या आणि नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी आत गेले. डॉक्टर मास्क काढत होते.

आजोबांचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा तसं बघितलं. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले, हनुवटी वर आलेली. अगदी लहान बाळासारखं दिसत होतं. एवढंच? मला वाटलं. यासाठी भिंतीकडे तोंड? मी त्यांच्या गालावर गाल ठेवला आणि मला हंबरडा फुटला. किती वेळ ते माहीत नाही. मावशी पाठीवरून हात फिरवत होत्या. मी जरा थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळी एवढं बोलावत होते तुला. आली का नाहीस ग?"

"कधी?"

"दात घातले होते तेव्हा. दाराकडं हात केला होता त्यांनी, असा. ये म्हणून. तुझी आई वाकून तोंडातच बघत होती, ती म्हणाली हात खाली ठेवा बाबा, जबडा हलतो. त्यांनी परत केला. तू आपली बाहेरून ओ, ओ. मला वाटलं, तुमचं काहीतरी ठरलेलं असेल, मी कशाला मध्ये बोलू? दात काढल्यावर मग भिंतीकडं वळले, ते काही बोललेच नाहीत."

मी पलंगाच्या कडेला बसले.

त्यांनी स्वतःचा नियम मोडला होता. जन्मभर कच्च्या दातांनी कोणाला दाराबाहेर न सोडणारा माणूस, तोंडात मेणाचे दात असेपर्यंतच्या त्या दोन-चार मिनिटांत मला बघून घेऊ म्हणत होता. त्यांना माहीत होतं, पक्के दात यायला उशीर होणार. दुसरं कोणतंही घर असतं, तर हाक ऐकून माणूस धावत आत गेलं असतं. आम्ही दोघी त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या. एकीनं हाक तपासली, दुसरीनं ओ दिली. मध्ये एक उघडं दार होतं, मला नुसतं उठायचं होतं.

आई आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेले दात, अजून कोमट. जिन्यातच तिला कोणीतरी सांगितलं असावं, कारण ती रडत नव्हती, फक्त फार हळू चालत होती. तिनं फडकं सोडलं, दात धुतले, एका हातानं त्यांची हनुवटी धरली. "बाबा, आ करा," ती सवयीनं म्हणाली. मग तिनंच ओठ बाजूला करून दात बसवले, आधी वरचे, मग खालचे, आणि ओठ मिटले. गाल भरून आले. आजोबा परत आजोबांसारखे दिसायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं, कामाला कोणीतरी बरं म्हणावं अशा नजरेनं.

"छान झालेत," मी म्हटलं.

तेव्हा ती खाली बसली आणि त्यांच्या हातावर डोकं ठेवून रडली. आवाज न करता, खांदे हलवत, खूप वेळ. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "निदान तुला हाक मारून गेले. तू लगेच ओ दिलीस, ती त्यांनी ऐकली. दात पास झाले हे कळलं त्यांना. नाहीतर जीव अडकून राहिला असता ग त्यांचा. समाधानानं गेले. हो ना?"

मावशी उशीचा अभ्रा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हो," मी म्हणाले.